सावली कापली जाते, ब्लर बदलतो, कडेला रिकामी जागा येते: इंकस्केपमधून पीएनजी काढताना फिल्टर का बिघडतात आणि काय करायचं

मागे मावसबहिणीच्या साखरपुड्याची पत्रिका मी इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केली, एक तयार एसव्हीजी (आकार पिक्सेलऐवजी सूचनांनी लिहिलेली फाईल) टेम्प्लेट घेतलं होतं, त्यातली नावं बदलली आणि नावांखालची मऊ सावली तशीच ठेवली. स्क्रीनवर पूर्ण पान एकदम छान दिसत होतं. पीएनजी (पिक्सेलची चित्रफाईल) काढली, मोबाईलवर उघडून बोटांनी मोठी केली, तर सावली वरून आणि खालून सरळ रेषेत कापलेली, जणू कुणी पट्टी लावून ब्लेड फिरवलंय, आणि गंमत म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला मात्र सगळं ठीक. दोन तास मी डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) बदलत बसलो, एक्सपोर्ट परत परत केलं, पण चूक डीपीआयमध्ये नव्हतीच. ते दोन तास कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. एसव्हीजी फाईलमध्ये सावलीचं चित्र नसतं, सावलीची कृती असते. म्हणजे "या आकाराची एक प्रत घे, ती इतकी धूसर कर, इतकी खाली सरकव, हा रंग दे आणि मूळ आकार तिच्यावर ठेव" असं लिहिलेलं असतं, या कृतीलाच फिल्टर म्हणतात. फाईल जो प्रोग्रॅम उघडतो तो ही कृती दर वेळी नव्याने करतो, त्याला दिलेल्या पिक्सेलमध्ये. म्हणून मूळ आकार कितीही मोठा केला तरी तो धारदार राहतो पण फिल्टर मात्र शेवटी पिक्सेलवरच चालतो, आणि जितके घोळ होतात ते सगळे इथून येतात.

पहिलं काम: चूक कुठे आहे ते शोधा, काहीही बदलू नका

व्ह्यू मेनूत डिस्प्ले मोड बघा, तो नॉर्मल आहे ना? नो फिल्टर्स किंवा आउटलाइन चालू राहिलं असेल तर स्क्रीनवर फिल्टर दिसणारच नाहीत आणि पीएनजीत मात्र येतील, मग "ही सावली कुठून आली" म्हणून माणूस गोंधळतो. तसंच प्रेफरन्सेसमध्ये रेंडरिंगखाली ब्लरची क्वालिटी कमी ठेवलेली असेल (जुन्या लॅपटॉपवर वेग यावा म्हणून बरेच जण ठेवतात) तर ती सेटिंग फक्त डिस्प्लेसाठी असते, एक्सपोर्ट चांगल्या क्वालिटीतच होतं, त्यामुळे दोन्हीत फरक दिसणं साहजिक आहे. तुलना करण्याआधी ती बेस्टवर आणा.

मग ज्या भागात गडबड आहे तिथे चांगलं ४००-५०० टक्के झूम करा. माझ्या पत्रिकेत सावली स्क्रीनवर पण कापलेलीच होती, मी पूर्ण पान बघत होतो म्हणून कळलं नाही. आता तीनपैकी एक उत्तर मिळेल. स्क्रीनवर पण चुकीचं दिसतंय, तर दोष फाईलमध्ये, म्हणजे फिल्टरची हद्द किंवा क्लिप (एका आकाराबाहेरचं सगळं कापून टाकणं) किंवा फिल्टरची रचना. स्क्रीनवर बरोबर आणि पीएनजीत चूक, तर एक्सपोर्टची सेटिंग. पीएनजी पण बरोबर आणि दुसरीकडे गेल्यावर बिघडतं, तर दुसरा प्रोग्रॅम किंवा वाटेतलं कॉम्प्रेशन. हे वेगळं करायला दोन मिनिटं लागतात आणि त्यावरून पुढचा कुठला भाग वाचायचा ते ठरतं.

फाईल मोठी असेल तर बिघडलेली एकच वस्तू कॉपी करून नव्या रिकाम्या फाईलमध्ये पेस्ट करा आणि तेवढीच एक्सपोर्ट करा. तिथेही बिघडली तर दोष त्या वस्तूतच आहे, नाही बिघडली तर आजूबाजूच्या ग्रुपमध्ये, लेयरमध्ये किंवा क्लिपमध्ये आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हो, दोन सेटिंग एकदम बदलल्या की कशामुळे सुधारलं तेच कळत नाही.

सावली सरळ रेषेत कापली जाते

हे सगळ्यात जास्त होणारं दुखणं, म्हणून इथे जरा थांबतो. प्रत्येक फिल्टरला एक चौकोनी हद्द असते, त्या हद्दीबाहेर फिल्टर काहीही रंगवत नाही. फाईलमध्ये हद्द लिहिलेली नसेल तर एसव्हीजीच्या नियमाप्रमाणे वस्तूच्या चौकटीच्या चारही बाजूंना १० टक्के जास्त धरली जाते, म्हणजे सुरुवात उणे १० टक्क्यांपासून आणि रुंदी-उंची १२० टक्के. ऐकायला पुरेसं वाटतं पण हे टक्के वस्तूच्या आकाराचे आहेत, ब्लरचे नाहीत.

माझंच उदाहरण घ्या. नावांची ओळ साधारण ४०० पिक्सेल रुंद आणि ४० उंच, आपल्या मराठी मथळ्यांचा आकार असाच लांब पट्टीसारखा असतो. ब्लरचं माप, ज्याला फिल्टरच्या भाषेत स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात, ८ होतं. ब्लर साधारण त्या मापाच्या तिप्पट पसरतो, म्हणजे प्रत्येक बाजूला २४ पिक्सेल हवेत. रुंदीचे १० टक्के म्हणजे ४०, तिथे २४ आरामात बसले. उंचीचे १० टक्के म्हणजे फक्त ४! म्हणून बाजूने ठीक आणि वर-खाली कापलेलं. हे गणित समजलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं कारण मग हा नशिबाचा खेळ राहत नाही, आधीच सांगता येतं कुठे कापलं जाणार ते.

दुरुस्ती अशी. वस्तू सिलेक्ट करा, फिल्टर्स मेनूतून फिल्टर एडिटर उघडा, त्यात फिल्टर जनरल सेटिंग्ज नावाचा टॅब आहे. नव्या आवृत्त्यांत तिथे ऑटोमॅटिक रीजनचा टिकमार्क दिसेल, इंकस्केपने स्वतः लावलेल्या साध्या ब्लरसाठी तो चालू असलेलाच चांगला, हद्द आपोआप सांभाळली जाते. पण बाहेरून आलेल्या टेम्प्लेटमध्ये हद्द हाताने लिहिलेली असते, तेव्हा टिकमार्क काढून आकडे स्वतः टाका. हे आकडे टक्क्यांत नसून पटीत असतात, म्हणजे ०.१ म्हणजे १० टक्के. माझ्याकडे वरच्या बाजूला २४ भागिले ४० म्हणजे ०.६ लागत होतं, म्हणून वाय (हद्दीची वरची सुरुवात) उणे ०.६. सावली ६ पिक्सेल खाली सरकवलेली होती म्हणजे खालच्या बाजूला ३० हवेत, ते ०.७५ झाले. एकूण उंची १ अधिक ०.६ अधिक ०.७५ म्हणजे २.३५, मी २.५ टाकली, थोडी सैल असू द्यावी. पण म्हणून डोळे झाकून १० टाकू नका, हद्द जितकी मोठी तितके पिक्सेल प्रोग्रॅमला मोजावे लागतात आणि एक्सपोर्ट रेंगाळतं.

याच नियमाचं एक विचित्र टोक आहे. अगदी सरळ आडवी किंवा उभी रेघ काढली आणि तिला सावली दिली तर तिच्या चौकटीची उंची किंवा रुंदी शून्य असते, शून्याचे १० टक्के शून्यच, आणि बऱ्याच ब्राउझरमध्ये सावली तर सोडाच, रेघच गायब होते. अशा वेळी पाथ मेनूतून स्ट्रोक टू पाथ करा म्हणजे रेघेला जाडी असलेला खरा आकार मिळतो, किंवा एक्सएमएल एडिटर येत असेल तर फिल्टरयुनिट्स या गुणधर्मात युजरस्पेसऑनयूज टाकून हद्द थेट मापात द्या.

फोटो गोलात बसवला आणि सावली गेली

वाढदिवसाच्या बॅनरवर फोटो गोल कापून त्याला सावली द्यायची, हे तर रोजचं काम. फोटोला ड्रॉप शॅडो दिली, मग गोल ठेवून क्लिप केलं, सावली दिसतच नाही. इथे फिल्टर बिघडलेला नाही, क्रम तसाच आहे: एसव्हीजीमध्ये एका वस्तूवर आधी फिल्टर लागतो, त्यानंतर क्लिप, मग मास्क (काही भाग फिका किंवा पारदर्शक करणारा आकार), मग अपारदर्शकता. सावली तयार होते आणि लगेच क्लिप तिला कापून टाकते. कितीही डीपीआय वाढवा, हद्द वाढवा, फरक पडणार नाही.

उपाय एकच, क्रम उलटा करायचा. फोटोवरचा फिल्टर काढा (फिल्टर्स मेनूत सगळ्यात खाली रिमूव्ह फिल्टर्स आहे), फोटो गोलात क्लिप करा, मग त्या क्लिप झालेल्या फोटोला एकट्यालाच ग्रुप करा, कंट्रोल जी, आणि सावली त्या ग्रुपला द्या. ग्रुप म्हणजे नवीन वस्तू, तिला क्लिप नाही, त्यामुळे सावली गोलाची आणि पूर्ण पडते. एकाच वस्तूचा ग्रुप करायचा हे आधी चुकल्यासारखं वाटतं पण बरोबर आहे. नंतर कुणी तो अनग्रुप करू नये म्हणून मी ऑब्जेक्ट्स पॅनेलमध्ये त्याला "सावलीसाठी, सोडू नका" असं नावच देऊन ठेवतो.

डीपीआय वाढवला आणि इफेक्टच बदलला

इंकस्केपमध्ये ०.९२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल धरतात, त्याआधी ९० होते. खूप जुनी फाईल उघडली की आकाराबद्दल विचारणारी खिडकी येते ती याचमुळे, तिथे न वाचता ओके करू नका. ए४ पान ९६ डीपीआयने काढलं तर ७९४ बाय ११२३ पिक्सेल होतं आणि ३०० ने काढलं तर २४८० बाय ३५०८, म्हणजे पिक्सेल जवळपास दहापट. प्रिंटसाठी द्यायचं असेल तर ३०० हवेतच.

साधा ब्लर आणि ड्रॉप शॅडो यांची मापं चित्राच्या एककात असतात त्यामुळे डीपीआय वाढवल्यावर सावली त्याच प्रमाणात मोठी होते, दिसायला तशीच राहते. पण सगळे फिल्टर असे नाहीत. शार्पन, एज डिटेक्ट, एम्बॉस यांच्या आत जे कॉन्व्होल्यूशन असतं ते शेजारच्या पिक्सेलकडे बघून चालतं, आणि उजेड-सावलीचे जे लायटिंग फिल्टर आहेत तेही उतार शेजारच्या पिक्सेलवरूनच काढतात. ९६ ला शेजारचा पिक्सेल म्हणजे एक इंचाचा ९६ वा भाग, ३०० ला तो ३०० वा भाग, म्हणजे इफेक्ट तिपटीने बारीक आणि फिका होतो. स्क्रीनवर ठसठशीत दिसणारी उठावाची अक्षरं प्रिंटमध्ये सपाट आली, याचं कारण बहुतेक वेळा हेच. टर्ब्युलन्स नावाच्या फिल्टरने केलेला कागदाचा किंवा दगडाचा पोत मोठ्या डीपीआयला जास्त बारीक तपशील दाखवतो, तो पण वेगळा वाटू शकतो.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की असे फिल्टर वापरायचे असतील तर सुरुवातीलाच अंतिम डीपीआय ठरवायचा, छोटा तुकडा त्या डीपीआयने काढून बघायचा आणि फिल्टरचे आकडे पीएनजी बघून बसवायचे, स्क्रीन बघून नाही. इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांसाठी हीच गोष्ट इफेक्ट मेनूतल्या डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्जमध्ये असते, तिथे ७२, १५० आणि ३०० असे पर्याय आहेत, आणि काम संपल्यावर ते बदलले की इफेक्टचं रूप बदलू शकतं, तेव्हा तेही आधीच ठरवा.

एक्सपोर्ट अडकतं किंवा प्रोग्रॅम बंद पडतो

फ्लेक्सवाल्यांचं काम करणाऱ्यांनी हे नीट वाचा. १० बाय ४ फुटांचा बॅनर ३०० डीपीआयने काढायला गेलात तर ३६००० बाय १४४०० पिक्सेल, म्हणजे ५१ कोटींच्या वर, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एकट्या चित्राला २ जीबी मेमरी. फिल्टरच्या आतल्या प्रत्येक पायरीला असं मधलं चित्र वेगळं लागतं, त्यामुळे पूर्ण पानावर फिल्टर असेल तर ८ जीबीचा लॅपटॉप हात टेकतो. शिवाय इंकस्केप ज्या कैरो लायब्ररीवर चित्र काढतं तिच्यात एका चित्राची बाजू ३२७६७ पिक्सेलच्या वर जात नाही. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, तिथे ७२ ते १०० डीपीआय पुरतो, ७२ ला तेच चित्र ८६४० बाय ३४५६ होतं आणि १२० एमबीच्या आत बसतं. प्रिंटवाल्याला आधी विचारून घ्या त्याला किती लागतो.

आणि फिल्टर पूर्ण लेयरला किंवा पूर्ण पानाच्या ग्रुपला देऊ नका, ज्या वस्तूला हवा तिलाच द्या. एवढ्याने खूप वेळ वाचतो.

कडेला रिकामी जागा, किंवा सावलीच आली नाही

लोगो सिलेक्ट करून एक्सपोर्टमध्ये सिलेक्शन निवडलं तर इंकस्केप दिसणारी चौकट धरतं, तिच्यात स्ट्रोकची (कडेच्या रेघेची) जाडी आणि फिल्टरची हद्द दोन्ही येतात. हद्द सैल असेल तर लोगोभोवती पारदर्शक रिकामी पट्टी येते आणि वेबसाईटवर लोगो मधोमध बसत नाही. यावर मला आवडणारा उपाय म्हणजे हवी तेवढी चौकट रेक्टँगलने काढायची, तिला फिल (आतला रंग) नाही स्ट्रोक नाही, ती एकटी सिलेक्ट करायची आणि सिलेक्शन म्हणून एक्सपोर्ट करायचं. फक्त एक्सपोर्ट सिलेक्टेड ओन्लीचा टिकमार्क काढायला विसरू नका, नाहीतर रिकामी पीएनजी येते.

तोच टिकमार्क उलट्या बाजूने पण त्रास देतो. काही लोक सावली फिल्टरने न करता आकाराची काळी प्रत काढून ब्लर करतात, चांगली पद्धत आहे, पण मग सावली ही वेगळी वस्तू असते. वरचा आकार एकटाच सिलेक्ट केला आणि टिकमार्क चालू असेल तर सावली मागे राहते. दोन्ही ग्रुप करून ठेवा. जुन्या आवृत्तीत याच पर्यायाचं नाव हाइड ऑल एक्सेप्ट सिलेक्टेड असं होतं.

रंग आणि पार्श्वभूमीचे घोळ

मल्टिप्लाय सारखा ब्लेंड मोड (खालच्या रंगाशी गुणून गडद करणारा) लावलेली सावली पारदर्शक पीएनजीत काढली तर तिच्याखाली गुणायला काहीच नसतं, ती नुसता रंग म्हणून येते आणि दुसऱ्या चित्रावर ठेवल्यावर मळकट दिसते. पारदर्शक पीएनजीच हवी असेल तर सावली काळी किंवा गडद रंगाची, नॉर्मल मोडमध्ये, कमी अपारदर्शकतेची ठेवा. खालची पार्श्वभूमी ठरलेली असेल तर ती सोबतच एक्सपोर्ट करा. आणि पीएनजी चॅट अ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण फोटो म्हणून गेली की साधारणपणे तिचं जेपीईजी होतं, जेपीईजीला पारदर्शकता माहीतच नाही आणि मऊ सावलीवर चौकटी-चौकटी उठतात.

रंग थोडे उजळ किंवा गडद येत असतील तर फिल्टर रंगांचा हिशोब कुठल्या पद्धतीने करतोय ते बघा. एसव्हीजीचा मूळ नियम लिनियर आरजीबीचा आहे, इंकस्केप आपल्या फिल्टरना एसआरजीबी लिहून ठेवतं. फरक लहान नाही, काळा आणि पांढरा अर्धा-अर्धा मिसळला तर एसआरजीबीत १२८ येतो आणि लिनियरमध्ये १८८. एकाच रंगाच्या साध्या सावलीत हे जाणवत नाही, पण रंगीत चित्र ब्लर केलं, ब्लेंड केलं किंवा लायटिंग लावलं की लगेच दिसतं. फिल्टरवर कलर-इंटरपोलेशन-फिल्टर्स हा गुणधर्म एसआरजीबी म्हणून स्पष्ट लिहिला की बहुतेक ठिकाणी सारखं दिसायला लागतं.

मोठ्या पसरट सावलीत पट्टे दिसणं हा वेगळा प्रकार. ८ बिटच्या चित्रात एका रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, फिकी सावली त्यातल्या १५-२० पायऱ्या खूप मोठ्या जागेत पसरवते म्हणून पायऱ्या डोळ्याला दिसतात. थोडासा बारीक नॉइज (दाणेदारपणा) मिसळला की पट्टे मोडतात.

इंकस्केपमध्ये ठीक, दुसरीकडे बिघडतं

एसव्हीजीचं पीएनजी करणारे प्रोग्रॅम बरेच आहेत आणि सगळ्यांना सगळे फिल्टर येत नाहीत. आरएसव्हीजी-कन्व्हर्ट आणि रेसव्हीजी फिल्टरच्या बाबतीत चांगले आहेत. कैरोएसव्हीजीला मोजकेच फिल्टर येतात, ब्लर त्यात नाही. इमेजमॅजिक तर कधी स्वतःचा अंगभूत रेंडरर (एसव्हीजीवरून चित्र काढणारा भाग) वापरतं, कधी दुसऱ्याची मदत घेतं, त्यामुळे एकच कमांड दोन कॉम्प्युटरवर दोन चित्रं देऊ शकते. सर्व्हरवर आपोआप पीएनजी करायच्या असतील तर कुठला रेंडरर चालतोय ते आधी बघा, किंवा इंकस्केपलाच कमांडलाइनवरून चालवा.

पीडीएफमध्ये अशा फिल्टरला जागाच नाही, म्हणून इंकस्केप पीडीएफ सेव्ह करताना फिल्टर असलेला भाग चित्र बनवून घालतं. सेव्हच्या खिडकीत रास्टराइज फिल्टर इफेक्ट्स आणि त्याखाली रेझोल्यूशनचा आकडा असतो, तो ९६ वर राहिला तर सावलीवाली अक्षरं छापून फुटकी येतात आणि बाजूची बिनसावलीची अक्षरं कोरीव. तिथे ३०० करा. त्याहून चांगलं म्हणजे सावली वेगळ्या वस्तूवर ठेवा आणि अक्षरं फिल्टरशिवाय वर ठेवा, मग अक्षरं पीडीएफमध्ये व्हेक्टरच (पिक्सेल न होता आकारच) राहतात, वेलांटी-रफार सगळं धारदार. मराठी फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर ऑब्जेक्ट टू पाथ पण करून घ्या, आधी एक प्रत वेगळी सेव्ह करून, कारण नंतर अक्षरं टाईप करून बदलता येत नाहीत.

काहीच जमत नसेल तर

तेव्हा फिल्टर भाजून टाका. बिघडणारी वस्तू सिलेक्ट करा, प्रेफरन्सेसमध्ये इम्पोर्टेड इमेजेस खाली बिटमॅप कॉपीचं रेझोल्यूशन अंतिम डीपीआयएवढं करा आणि ऑल्ट बी दाबा. त्या वस्तूची बिटमॅप प्रत तयार होऊन फाईलमध्ये येते, त्यात कृती नाही, तयार चित्र आहे, कुठलाही प्रोग्रॅम ते तसंच दाखवेल. मूळ वस्तू डिलीट करू नका, वेगळ्या लेयरमध्ये लपवून ठेवा, कारण साखरपुड्याच्या पत्रिकेत आदल्या रात्री नावाची वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ करायला सांगणारा फोन येतो, आणि तेव्हा मूळ अक्षरं, मूळ फिल्टर आणि हद्दीचे ते आकडे परत लागतात. मी ते आकडे त्याच फाईलमध्ये पानाच्या बाहेर एका ओळीत लिहून ठेवतो, पेज एरिया एक्सपोर्ट केलं की ते येत नाहीत.